बोरन्हाणातला उडता किल्ला

बोर पुठ्ठ्याच्या नळीतून टुपकन खाली पडलं. मी ते उचलून डावीकडच्या ताटात टाकलं.

"हेही नापास?" सासूबाईंनी विचारलं.

"व्यास कमी आहे, आई."

"बोराला व्यास असतो हे मला साठी उलटल्यावर कळतंय."

आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या होतो. संध्याकाळी पाच वाजता शर्वरीचं बोरन्हाण होतं आणि मी सकाळपासून बोरन्हाणाच्या सामानाची परीक्षा घेत होते. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलच्या आतली पुठ्ठ्याची नळी हे माझं उपकरण. जी वस्तू त्या नळीतून आरपार जाते ती पोराच्या घशात अडकू शकते, असा साधा नियम होता. हलवा नापास झाला. हरभरे नापास, रंगीत गोळ्या नापास, शेंगदाणे तर घरातच आणायचे नाहीत. बोरं दोन किलो आणली होती, त्यातली मोठी सफरचंदी वीस-पंचवीस तेवढी उत्तीर्ण झाली. उसाचे करवे मी बोटभर लांब ठेवायला लावले होते. कुरमुऱ्यांना मात्र, तोंडात विरघळतात म्हणून, विशेष सवलत दिली होती.

सासूबाईंनी उजवीकडच्या ताटाकडे पाहिलं. तळ दिसत होता.

"बोरन्हाणाला बोरं नकोत म्हणजे लग्नाला नवरा नको म्हटल्यासारखं झालं," त्या म्हणाल्या, आणि हलव्याच्या दागिन्यांचा डबा घेऊन बाहेर गेल्या.

त्या दिवसांतली मी कशी होते हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. शर्वरी अकरा महिन्यांची असताना तिच्या श्वासनलिकेत फुटाणा अडकला होता. दुर्बीण घालून तो काढला. पोरगी तिसऱ्या दिवशी रांगत घरी आली, मी मात्र मनानं दवाखान्यातच राहिले. कॉलेजात तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवत होते, ते सोडलं. मुलीवर चोवीस तास नजर ठेवायला लागले. आमच्या कृष्णाई अपार्टमेंटमध्ये बारा बिऱ्हाडं आणि पंधरा-सोळा मुलं होती, पण शरूला मी खाली पाठवत नसे. खाली वाळूचा ढीग होता, कुत्री होती, कच्च्या चिंचा खाणारी मुलं होती. ती गॅलरीच्या गजांना नाक लावून बघायची. गजांमधलं अंतरही मी मोजून घेतलं होतं.

नवरा, तुषार, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. संक्रांत म्हणजे ऐन गळीत हंगाम, त्यामुळे तो घरी झोपायला आणि जेवायला यायचा, आणि दोन्ही एकदम करायचा. घरात उरलो आम्ही तिघी आणि ठोकळे.

ठोकळे म्हणजे ते एकमेकांत बसवायचे प्लॅस्टिकचे ठोकळे, खोक्यावर आकाशात उडणारा कोणी महावीर असलेले. पहिला सेट मी शरूच्या दुसऱ्या वाढदिवसाला घेतला. घरी आणून मोजला, तर निम्मे तुकडे नळीतून आरपार. म्हणून तो तिला दिला नाही. पण आणलाय तर जोडून बघावा म्हणून तिला झोपवून मी जोडला. मग दुसरा आणला, तो तिला देण्याजोगा आहे का हे पाहायला. मग तिसरा. अडीच वर्षांत माझ्याकडे त्रेसष्ट सेट झाले, आणि त्यातला एकही तिला देण्याजोगा निघाला नाही.

मी ब्लॉग लिहायला लागले. त्यात प्रत्येक सेटचं परीक्षण असे. तुकडे इतके. पैकी गिळण्याजोगे इतके, नाकात जाण्याजोगे इतके. महावीराच्या मुठीची पकड कशी, डगल्याचा रंग जातो का, खलनायकाच्या तलवारीचं टोक किती बोथट. वाचक एकेचाळीस होते, त्यांत तीन मीच. पण सातारच्या डॉ. मोकाशींनी तो वाचला आणि मला पत्र पाठवलं. हे दातांचे डॉक्टर. अशा सेटच्या संग्राहकांचं अकरा जणांचं एक मंडळ होतं, त्याचे ते अध्यक्ष. मंडळात मी बारावी झाले. एकटी बाई. मला त्या वेळी विद्यापीठात सुवर्णपदक मिळालं असतं तरी एवढा आनंद झाला नसता, आणि हे मी आज हसत सांगतेय, तेव्हा अजिबात हसत नव्हते.

तीन महिने पत्रव्यवहार केल्यावर डॉक्टरांनी त्यांच्या संग्रहातला मानाचा सेट मला परीक्षणासाठी उसना दिला. कॅप्टन कॉर्झोचा उडता किल्ला. टीव्हीवर कॉर्झोचं कार्टून रोज लागायचं, पण हा सेट कंपनीनं कधीच बंद केला होता. तीनशे शहाऐंशी तुकडे. सोबत पत्र होतं: हात धुऊन हाताळावा, मोजून घ्यावा, मोजून द्यावा. रविवारी सकाळी दहा वाजता ते स्वतः घ्यायला येणार होते.

तो किल्ला मी जोडला, फोटो काढले, परत सोडवला आणि तुकडे रंगांप्रमाणे दोन मिसळणाच्या डब्यांत लावून ठेवले. एक डबा माहेरचा, एक सासरचा. सासूबाई तेव्हा मोहरी-जिरं बिस्किटांच्या पुड्यातून काढून फोडणीला टाकत.

जोडताना शरू स्टुलावर बसून असायची, माझ्यापासून दोन हात लांब. हात लावायचा नाही असं ठरलेलं होतं. खोक्यावर आठ वर्षांपुढे असं छापलेलं, आणि ती साडेचार वर्षांची. ती हात लावायची नाहीच. मांडीवर दोन्ही तळवे ठेवून बघत राहायची. मी तिचं हे शहाणपण ब्लॉगवरसुद्धा लिहिलं होतं.

पाच वाजता मुलं आली. पंधरा, त्यांत दुसऱ्या मजल्यावरच्या जाधव वहिनींचा दीड वर्षाचा विहंगही होता. सगळ्यांत पुढं तिसऱ्या मजल्यावरची सायमा मुजावर. ती आठ वर्षांची, हातात दळणाची पिशवी घेऊन आलेली, म्हणजे लूट न्यायला. शरूला काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवलेली. सासूबाईंनी औक्षण केलं आणि मुलांना नियम सांगितला: डोक्यावरून पडेल ते ज्यानं उचललं त्याचं, भांडायचं नाही. मग कोपऱ्यातल्या टोपल्यावरचं कापड काढून त्यांनी पितळेचं मापटं भरलं आणि शरूच्या डोक्यावर ओतलं.

मी शरूच्या तोंडासमोर गुडघ्यांवर बसले होते. दागिन्यांतला हलवा तोंडात जाऊ नये म्हणून माझी नजर तिच्या ओठांवरून हलली नाही. कुरमुरे पडताना दिसले. मग काही लाल पडलं, काही निळं. आई गुपचूप रंगीत गोळ्या घालत आहेत असं मनात आलं, आणि रागानं मी आणखी डोळे रोखून तिच्या ओठांकडे बघायला लागले. मागं मुलं जी तुटून पडली होती! खळखळ असा आवाज येत होता, जो कुरमुऱ्यांचा नसतो, हे संख्याशास्त्राच्या पदव्युत्तर बाईच्या लक्षात यायला हवं होतं. सायमा ओरडली, "कॉर्झो, कॉर्झो!" मला वाटलं मुलांचा खेळ चाललाय. शरू हसत होती. ती अशी हसताना मी खूप दिवसांत पाहिली नव्हती, म्हणून मला उलट बरंच वाटलं.

पाच मिनिटांत खोली रिकामी झाली. मी केर काढायला घेतला तर केरसुणीत एक करडा चौकोनी ठोकळा आला. खोलीत जाऊन पाहिलं. दोन्ही मिसळणाचे डबे जागच्या जागी होते, झाकणं नीट लावलेली. आत काही नव्हतं.

मी एक डबा घेऊन बाहेर आले तेव्हा सासूबाई औक्षणाचं तबक आवरत होत्या.

"आई," मी म्हटलं, "टोपल्यात काय घातलंत तुम्ही?"

त्यांनी डब्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या ठोकळ्याकडे बघितलं. मग पाटावर अजून बसून असलेल्या शरूकडे बघितलं.

"टोपलं रिकामं दिसत होतं," त्या म्हणाल्या. "कापड मीच झाकलं."

याहून स्पष्ट कबुली कोणती असते? मी त्यांना काही बोलले नाही. न बोलणं हे आमच्याकडे बोलण्याहून जास्त मानतात, आणि ते मी पुढचे तीन दिवस भरपूर केलं.

पण आधी विहंग. माझ्या डोळ्यांपुढं पुन्हा दुर्बीण, पुन्हा तो फुटाणा. मी साडी वर खोचून दोन मजले पळत उतरले आणि जाधव वहिनींची बेल दाबून धरली. वहिनींनी दार उघडलं. विहंग कडेवर होता, तोंड हलवत.

"त्याच्या तोंडात बघा," मी म्हटलं.

"बिस्कीट आहे. आधी कुणातरी बाहुल्याचं डोकं होतं, ते काढून घेतलं. या वयात घालतातच, नाही का?" वहिनींनी ते डोकं फ्रिजवर ठेवलेलं दाखवलं, आणि आत जाऊन हळदकुंकवाची कुयरी घेऊन आल्या. संक्रांतीचे दिवस. सवाष्ण दारात आलेली, ती तशीच कशी जाणार. त्यांनी मला कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला, गोड बोला म्हणाल्या. मी गोड बोलले. बोलताना फ्रिजवरच्या कॅप्टन कॉर्झोच्या डोक्याकडे बघत होते. ते मागायला तोंड उघडणार तोच वहिनी म्हणाल्या, "छान झालं हो बोरन्हाण. पोरीच्या डोक्यावरचं म्हणून जपून ठेवलंय मी. तेवढंच शुभ."

मी ते न घेता वर आले.

सासूबाई दारातच होत्या. मी कुणाकडे काय मागायला गेले होते हे त्यांना बरोबर कळलं होतं.

"बोरन्हाणातलं परत मागायचं नसतं," त्या म्हणाल्या. "वाटलेलं आयुष्य माघारी घेतल्यासारखं होतं ते. लेकीला चांगलं नाही."

आता मी सांगते, माझा यावर काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही. चार ठोकळे परत मागितल्यानं एका मुलीच्या आयुष्यात काही बिघडण्याची शक्यता शून्य आहे, हे मी फळ्यावर सिद्ध करून दाखवलं असतं. पण घरात जाऊन बसल्यावर ते शून्य किती दशांश स्थळांपर्यंत शून्य आहे याचा मी विचार करायला लागले. एका बाजूला तीनशे पंचाऐंशी तुकडे, डॉ. मोकाशी, मंडळ, माझा शब्द. दुसऱ्या बाजूला ते शून्य. तुषार कारखान्यावरून आला, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, माग की, त्यात काय. त्याला झोप यायला लागली होती. मी त्याला विचारलं, तू स्वतः जाऊन मागशील का? तो म्हणाला, आईला विचारून बघू.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मी दुसरा मार्ग काढला. मागायचं नाही, नुसतं जायचं. समोरची माणसं आपण होऊन देतील. पाच घरं केली. पाचही घरी हळदकुंकू, पाचही घरी तिळगूळ. कपाळावर कुंकवाचे इतके थर बसले की आरशात मी मला ओळखलं नाही. मुलांच्या कंपासपेट्यांत, देव्हाऱ्यापुढं, एका घरी तर तुळशीच्या कुंडीत किल्ल्याचे भाग दिसत होते. कुणी आपण होऊन काही दिलं नाही. मुजावरांकडे सायमाच्या आईनं चहा केला. सायमा समोर बसून दळणाच्या पिशवीतले तुकडे मांडत होती. तिच्या एकटीकडे सत्तर तरी असावेत.

"हे कसले आहेत गं?" मी मुद्दामच विचारलं.

"काकू, तुमचेच आहेत की. आता माझे आहेत. आजींनी सांगितलं होतं, ज्यानं उचललं त्याचं." मग तिनं एक पंख उचलून बघितला आणि वैतागून खाली टाकला. "पण माझ्याकडे नुसते पंख आलेत. पंखांचं काय करायचं?"

मी घरी येऊन डॉ. मोकाशींना पत्र लिहायला बसले. आदरणीय डॉक्टरसाहेब, कळवण्यास अत्यंत दुःख होते की. एवढं लिहून कागद फाडला. पुन्हा लिहिला, पुन्हा फाडला. 'इमारतीतील बालकांनी' लिहावं की 'घरातील ज्येष्ठांच्या अनवधानाने' यावर अडले होते. स्टुलावर शरू बसली होती, तळवे मांडीवर.

"आई," ती म्हणाली, "मागायचं नसतं ना. मग त्यांनाच बोलव."

"कशाला?"

"किल्ला करायला."

मी पेन खाली ठेवलं. माझ्या डोक्यात एवढंच आलं की जोडायला बोलावणं म्हणजे मागणं नव्हे. सासूबाईंना विचारायचं नव्हतं, अबोला होता. पण त्या आतून, कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, "बोलावण्याला काही हरकत नसते."

शनिवारी दुपारी पंधराच्या पंधरा मुलं आमच्या बैठकीच्या खोलीत होती. विहंग जाधव वहिनींच्या मांडीवर, आणि वहिनी माझ्या शेजारी. मी फरशी तीनदा पुसली होती, हात धुवायला बादली आणि साबण दारातच ठेवला होता, आणि नळी पदरात घेऊन उभी होते. मुलांनी खिसे, पिशव्या, कंपासपेट्या चादरीवर उलट्या केल्या. सगळे एकदम बोलायला लागले. कुणालाच काही जमेना. माहितीपत्रक माझ्याजवळ होतं, मी ते उघडून पुढं झाले.

"ते नको, आई," शरू म्हणाली. "मला येतं."

ती चादरीच्या मध्यभागी जाऊन बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्या ठोकळ्यांना हात लावला, आणि हात थेट पाहिजे त्या तुकड्यावर गेला. खाली लांब करडे चार. मग त्यावर ज्याला दोन टोकं आहेत तो. नाही, तो नाही, तसलाच पण पातळ. सायमाताई, तुझे पंख सगळ्यांत शेवटी, आत्ता नको घाई करू. तीनशे शहाऐंशी तुकड्यांचा क्रम तिला तोंडपाठ होता. मला स्वतःला तो पत्रक बघितल्याशिवाय आला नसता. पहिल्या अर्ध्या तासात मी बावीस वेळा "तोंडात घालू नका" म्हटलं, असं नंतर जाधव वहिनींनी सांगितलं. त्या मोजत होत्या. मग केव्हातरी म्हणायचं राहून गेलं.

सायमा आणि शरूचं एकदा भांडण झालं. बुरुज डावीकडे की उजवीकडे यावरून सायमा म्हणाली, तू बारकी आहेस, तुला काय कळतं. शरू म्हणाली, तू मोठी आहेस पण तू बघितलं नाहीस. पुढचा अर्धा तास सायमा तिचं ऐकत होती.

अंधार पडेपर्यंत किल्ला पाऊण झाला. मुलं म्हणाली, उद्या सकाळी येतो. मी म्हटलं, आठ वाजता या, दहाच्या आत संपवा. डॉक्टर यायच्या आधी मुलं घरी जातील, किल्ला सोडवून खोक्यात जाईल आणि झालेलं कुणाला कळणार नाही, असा माझा हिशेब होता.

डॉ. मोकाशी रविवारी साडेनऊलाच आले.

दारात पंधरा जोड्या चपला. त्यांनी त्या ओलांडल्या आणि उंबऱ्यात थांबले. उंच, बारीक, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात चामडी पेटी. त्यांच्यासमोर चादरीवर त्यांचा मानाचा सेट उभा होता, एका मुलानं उडता किल्ला दोन्ही हातांनी तोलून धरलेला आणि सायमा त्याला शेवटचा पंख बसवत होती.

"शिराळकरबाई," ते म्हणाले, "हे काय आहे?"

मी तयार केलेलं वाक्य शोधायला लागले, घरातील ज्येष्ठांच्या अनवधानाने. ते अर्धं म्हटलंही. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि मान खाली घातली.

"आजीनं नाही," शरू म्हणाली. "मी टाकले."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. दातांचा डॉक्टर ज्या नजरेनं लहान मुलांकडे बघतो तशा, चौकशीच्या. "कुठं टाकलेस?"

"बोरांच्या टोपल्यात. आजीनं बघितलं तेव्हा टाकून झाले होते."

"का?"

शरूला हा प्रश्न फारच सोपा वाटला असावा. "बोरं घेतली की सगळे घरी जातात," ती म्हणाली. "परत येत नाहीत. याचा एकेक तुकडा घरी नेऊन कुणाला काय करता येणार? जोडायला इथंच यायला लागतं."

सासूबाई आत गेल्या आणि स्टोव्हवर चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. मी शरूच्या तळव्यांकडे बघत होते. ते मांडीवर नव्हते, त्यांवर ठोकळ्यांच्या बारीक गोल खुणा उमटल्या होत्या.

डॉक्टरांनी पेटी खाली ठेवली आणि चादरीच्या कडेला पाय दुमडून बसले. किल्ल्याकडे बराच वेळ बघितलं.

"हे दार उघडतं?" त्यांनी विचारलं.

"हो," सायमा म्हणाली, आणि उघडून दाखवलं.

त्यांनी एका बोटानं ते लावलं. पुन्हा उघडलं. पुन्हा लावलं. "मी हा कधी जोडला नव्हता," ते म्हणाले, आणि हे आपण कुणाला सांगतोय हे लक्षात आल्यासारखं एकदम पेटी उघडून पांढरं फडकं आणि दातांच्या कामाचा चिमटा बाहेर काढला.

मग किल्ला सोडवला गेला. मुलांनीच सोडवला, त्यांच्या देखरेखीखाली, एकेक तुकडा त्या फडक्यावर दहा-दहाच्या ओळीत मांडत. कुणी हट्ट केला नाही. विहंगच्या आईनं फ्रिजवरचं डोकं आणून दिलं, आणि मी ते शुभ असल्याचं काही बोलले नाही. डॉक्टरांनी दोनदा मोजलं. तीनशे पंचाऐंशी. कॉर्झोच्या शिरस्त्राणाची निळी काच नव्हती. आम्ही सोफे हलवले, गादी झाडली, मुलं आपापल्या घरी पळत जाऊन पळत आली. नव्हती.

त्यांनी खिशातल्या वहीत लिहिलं: एक कमी. खोकं बंद केलं. सासूबाईंनी आणलेला चहा घेतला, तिळगूळही घेतला. निघताना दारात थांबून म्हणाले, "बाई, यापुढे मी तुम्हाला सेट देऊ शकणार नाही. मंडळालाही कळवावं लागेल. तुम्ही समजून घ्याल." त्यांचा सूर कठोर नव्हता. मी समजून घेतलं. पंधरा दिवसांनी मंडळाचं पत्र आलं, अकराजणांच्या सह्यांचं, आणि मी पुन्हा संग्राहक नसलेली बाई झाले.

डॉक्टर जिना उतरून गेल्यावर मुलंही गेली. खोली एकदम मोठी वाटायला लागली. मी सासूबाईंच्या मागं स्वयंपाकघरात गेले. त्या कपबशा विसळत होत्या.

"तुम्ही बघितलं होतंत," मी म्हटलं. "मग सांगितलं का नाहीत?"

"तुला सांगितलं असतं तर तू टोपलं उचलून आत नेलं असतंस," त्या म्हणाल्या. "आणि पोर पाटावर नुसत्या कुरमुऱ्यांत बसली असती."

"मी तुमच्याशी तीन दिवस बोलले नाही."

"तुझी खोड आहे ती. माझ्या अंगवळणी पडलीय." त्यांनी बशी पालथी घातली. "मिसळणाचा डबा मिळेल का आता एक?"

मी दोन्ही दिले.

सोमवारी संध्याकाळी शरू गॅलरीत गजांना नाक लावून उभी होती. खाली मुलांचा गलका चालला होता. तिनं कुणाला हाक मारली नाही, कुणी वर बघितलं नाही. मी तिच्यामागं भाजी निवडत बसले होते आणि मनात डावपेच रचत होते की आता कोणता सेट उघडावा, त्रेसष्टांपैकी कोणता टोपल्यात घातला तर पोरं पुन्हा येतील. शरूलाही तेच सुचत असावं. ती आत येऊन कपाटाकडे बघून गेली.

खालचा गलका थांबला. मला वाटलं, मुलं मागच्या बाजूला गेली. तेवढ्यात बेल वाजली.

दारात सायमा होती आणि तिच्यामागं जिन्याच्या पायऱ्यांवर पाच-सहा जण.

"सेट गेला," मी म्हटलं. "डॉक्टर घेऊन गेले, तुम्ही बघितलंत की."

"माहितेय," सायमा म्हणाली.

"मग?"

तिनं मागं वळून बाकीच्यांकडे बघितलं. मी काय विचारतेय हे त्यांच्यापैकी कुणालाच कळलेलं दिसत नव्हतं. माझ्या कमरेजवळून शरूनं डोकं बाहेर काढलं होतं.

"आलोय नुसते," सायमा म्हणाली. "काय खेळायचं, काकू?"

त्रेसष्ट सेट जोडून, मोजून, त्यांची परीक्षणं लिहिलेल्या बाईला या प्रश्नाचं उत्तर येईना. मी दारातून बाजूला झाले.

"शरूला विचारा," मी म्हटलं.